ऑटो स्क्रू स्टेशन : टॉर्क ओके, पण डोकं वरच. शिफ्टला २०-२५ थांबे

चाकण_लाईन२

नमस्कार मंडळी. आधी पार्टची माहिती देतो, मग प्रश्न.

एडीसी १२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची डायकास्ट हाउसिंग, वर ३ मिमी जाडीचं ॲल्युमिनियमचं कव्हर, मध्ये खाचेत बसणारं रबरी गॅस्केट. ८ स्क्रू : एम४ × १२, पॅन हेड, टॉर्क्स टी२०, ८.८ ग्रेड, झिंक प्लेटेड. हाउसिंगला टॅप केलेली (आटे पाडलेली) ब्लाइंड, म्हणजे आरपार नसलेली छिद्रं. कव्हरमधली छिद्रं ४.५ मिमी.

स्टेशन : एक सर्वो स्पिंडल (स्क्रू फिरवणारी मोटर), एक्स-वाय गॅन्ट्रीवर (दोन दिशांना सरकणारी चौकट). बाउल फीडरमधून (थरथरत स्क्रू रांगेने सोडणारं भांडं) हवेने ४ मीटर नळीतून स्क्रू येतो आणि दुभंगणाऱ्या जबड्यात थांबतो. स्पिंडल खाली दाबायला २० मिमी बोअरचा सिलिंडर, ४ बार. पहिल्या फेरीपासून सरळ ८०० आरपीएम, टार्गेट २.० न्यूटन मीटर. अँगलची खिडकी (स्क्रू एकूण किती फिरला तर ओके ती मर्यादा) ३५०० ते ६००० अंश, ती मशीन बसवणाऱ्यांनी ठेवली तशीच आहे.

शिफ्टला ९०० पार्ट, टाक्ट (एका पार्टला मिळणारा वेळ) ३० सेकंद. थांबे २० ते २५. त्यात सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे स्टेशन हिरवा दिवा देतं आणि पुढच्या ऑपरेटरला स्क्रूचं डोकं अर्धा मिमी वर दिसतं. टॉर्क तपासला तर बरोबर. स्पिंडलचं कॅलिब्रेशन दोनदा करून घेतलं. बिट बदलून झाली. आता टॉर्क २.४ करावा असं वरून सांगताहेत. करू का?

---

टॉर्क_अँगल

टॉर्क अजिबात वाढवू नका. स्क्रू तळाला टेकून अडला असेल तर २.४ ला बॉसचे (छिद्राभोवतीच्या उंचवट्याचे) आटे ओढले जातील आणि डोकं वर ते वरच राहील. टॉर्क फक्त एवढंच सांगतो की स्क्रूला कुठेतरी विरोध झाला. विरोध डोक्याखाली झाला की आट्यात, ते त्याला कळत नाही.

आधी आकडे. ९०० पार्ट गुणिले ८ म्हणजे ७२०० स्क्रू. २२ थांबे धरले तर दर स्क्रूमागे बिघाड ०.३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शिफ्टला २ थांब्यांवर यायचं तर हे प्रमाण दहा लाखांत २८० च्या खाली आणावं लागेल, आणि त्यात स्क्रू, छिद्र, फीडर, स्पिंडल सगळ्यांचा वाटा आला. एकच गोष्ट सुधारून तिथे पोचता येणार नाही.

म्हणून पहिलं काम : एचएमआयवरचा (मशीनच्या स्क्रीनवरचा) 'नॉट ओके' हा एकच डबा फोडा. निदान पाच कप्पे करा.

१. स्क्रू आलाच नाही.
२. पहिल्या दोन फेऱ्यांतच टॉर्क चढला. हा क्रॉस थ्रेड, म्हणजे आटा आडवा चढला.
३. फेऱ्या जवळपास पूर्ण, टॉर्क आला, डोकं वर.
४. फेऱ्या चालूच राहिल्या, टॉर्क आलाच नाही. आटे गेले किंवा बिट खाचेत फिरली.
५. सगळं ओके, पण नंतर सैल सापडला.

प्रत्येक नोंदीपुढे छिद्राचा नंबर आणि हाउसिंगवरचा कॅव्हिटी (कास्टिंगच्या साच्यातला खण) नंबर लिहा. बिघाड आठही छिद्रांत सारखा पसरला असेल तर दोष स्क्रू, जबडा किंवा स्पिंडलकडे. दोन-तीन छिद्रांतच गोळा होत असेल तर पार्ट किंवा फिक्श्चर (पार्ट धरणारी बैठक). तीन शिफ्टची अशी नोंद असेल तर पुढचं अर्धं भांडण मिटतं.

आता तुमच्या सेटिंगमध्ये दिसणारी चूक. २० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३१४ चौ. मिमी. ४ बारला १२६ न्यूटन झाले. स्पिंडल आणि कॅरेज मिळून ३ किलो असेल आणि काउंटरबॅलन्स (वजन तोलणारी सोय) नसेल तर आणखी ३० न्यूटन. म्हणजे एम४ च्या पहिल्या आट्यावर १५० न्यूटनचा भार, तोही ८०० आरपीएमला. ॲल्युमिनियमचा पहिला आटा एवढ्या दाबाखाली दुमडतो. सुरुवातीला ३०-४० न्यूटन पुरतात.

---

जुना_फिटर

दाब एवढा कमी केला तर बिट खाचेतून निसटेल. मग खाच गोल होणार, बिट तुटणार, आणि शिव्या मेंटेनन्सला. दाब कमी करताना जपून.

---

टॉर्क_अँगल

फिलिप्स खाच असती तर तुमचं शंभर टक्के बरोबर. तिच्या उतरत्या भिंती टॉर्क वाढला की बिटला वर ढकलतात. टॉर्क्सच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे तिथे दाब लागतो तो बिट खाचेत पूर्ण उतरावी आणि स्क्रू आत जाईल तशी मागोमाग जावी एवढ्यासाठी. मागोमाग जाण्याचा वेगही बघा. पिच (दोन आट्यांतलं अंतर) ०.७ मिमी, ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५६० मिमी, सेकंदाला ९.३ मिमी. सिलिंडरचा फ्लो कंट्रोल (हवेचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह) जास्त आवळला असेल तर स्क्रू पुढे पळतो, बिट मागे राहते आणि निसटते. बहुतेक ठिकाणी याच्यावर उपाय म्हणून बार वाढवलेला असतो. आवळलेला फ्लो कंट्रोल मात्र तसाच.

तरीही मुद्दा घेतो : दोन टप्पे ठेवा. आटा पकडेपर्यंत ४० न्यूटन, शेवटच्या घट्ट करण्याला ८०. प्रपोर्शनल रेग्युलेटर नसेल तर दोन साधे रेग्युलेटर आणि एक व्हॉल्व्ह यातही काम होतं. एक अडचण आहे. साधा सिलिंडर १ ते १.३ बारला सीलच्या घर्षणामुळे अडखळत सरकतो, तेव्हा कमी घर्षणाचा सिलिंडर घ्या. गेजवरच्या बारवर विश्वास न ठेवता बिटखाली छोटा फोर्स गेज ठेवून न्यूटन मोजा.

स्पिंडलचा प्रोग्राम असा करून बघा :

– उलटी एक फेरी, १५० आरपीएम, हलक्या दाबाने. स्क्रूचा आटा छिद्राच्या आट्याच्या तोंडाशी येऊन 'टक्' करून खाली पडतो. हाताने बाटलीचं झाकण लावताना आपण हेच करतो.
– सुलट दोन फेऱ्या, २५० आरपीएम. या दोन फेऱ्यांत टॉर्क ०.५ च्या वर गेला की थांबा, स्क्रू मागे काढा, एकदाच पुन्हा प्रयत्न. दुसऱ्यांदा तेच झालं तर पार्ट बाहेर.
– एकूण १२ फेऱ्या होईपर्यंत ८०० आरपीएम.
– तिथून १२० आरपीएम, २.० न्यूटन मीटरपर्यंत.

कव्हर ३ मिमी, म्हणून ९ मिमी आत जायचं. ९ भागिले ०.७ म्हणजे १२.८६ फेऱ्या. वरच्या चार टप्प्यांना मिळून सुमारे २.१ सेकंद लागतात. ८ स्क्रूंना २४ सेकंद धरले तर सरकायला प्रत्येकी ०.९ सेकंद उरतो. टाक्टमध्ये बसतं, पण गॅन्ट्रीची चाल मोजून घ्या.

उलट्या फेरीचा दुसरा फायदा अँगलच्या मोजमापाला होतो. त्यावर पुढे लिहीन, आधी तुमची नोंद येऊ द्या.

---

फीडर_मिस्त्री

स्पिंडलवाले स्पिंडलचं बोलतात, मी स्क्रू जबड्यात कसा येतो त्याचं बोलतो.

नळीत स्क्रू उलटतो का, हे आधी बाजूला काढू. पॅन हेडची उंची ३.१, म्हणजे एकूण लांबी १५.१. डोक्याचा व्यास ८. गुणोत्तर १.८९. हे १.३ च्या खाली आलं की नळीत कोलांट्या सुरू होतात, १.५ च्या वर निर्धास्त. तेव्हा हा तुमचा प्रश्न नाही. नळीचा आतला व्यास ८.५ ते ९ च्या दरम्यान आहे ना, गॅन्ट्रीच्या केबल चेनमध्ये ती कुठे चपटी झाली आहे का, आणि २०० मिमीपेक्षा लहान वळण कुठे आहे का, एवढं बघा. नळी घासून आतून खरबरीत होते. ती बदलायची वस्तू आहे, मशीनच्या आयुष्यभराची नव्हे.

जबडा जास्त महत्त्वाचा. हवेने येणारा स्क्रू दर वेळी जबड्यावर आदळतो. तोंडाशी झीज झाली की स्क्रू तिरपा उभा राहतो. तपासायची सोपी रीत : सपाट प्लेटवर मार्किंग ब्लू लावा, फिक्श्चरमध्ये पार्टच्या उंचीला ठेवा, स्पिंडल न फिरवता एकाच जागी २० स्क्रू एकामागून एक टेकवा. २० ठिपके ०.३ मिमीच्या वर्तुळात आले पाहिजेत. एकाच दिशेला लांबट पसरले तर त्या बाजूचा जबडा गेला. गोल पसरले तर बिट डगमगते आहे किंवा बिट होल्डरचं बुशिंग झिजलं आहे. कव्हरच्या ४.५ च्या छिद्रात एम४ ला दर बाजूला फक्त ०.२५ मिमी जागा आहे, हे लक्षात ठेवून ठिपके वाचा.

बाउलबद्दल. तुम्हाला मिनिटाला फक्त १६ स्क्रू लागतात. एम४ चा साधा बाउल त्याच्या कितीतरी पट देतो. तरी बहुतेक ठिकाणी तो दिवसभर पूर्ण जोरात थरथरत असतो. स्क्रू एकमेकांवर घासून झिंकची पांढरी पूड पडते, ती एस्केपमेंटच्या (एकेक स्क्रू सोडणाऱ्या भागाच्या) स्लाइडमध्ये, सेन्सरवर आणि शेवटी खाचेत जाते. लिनियर ट्रॅकवर भरल्याचा सेन्सर लावा, ट्रॅक भरला की बाउल बंद. बाउलमध्ये एक तृतीयांशपेक्षा जास्त माल नको. आठवड्यातून एकदा रिकामा करून कोरड्या फडक्याने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. तेल लावू नका, पूड त्याला चिकटून लगदा होतो. पुढे कधी नायलॉन पॅचचा किंवा सुक्या गोंदाचा स्क्रू आला तर बाउलऐवजी स्टेप फीडरचा विचार करा, पॅच बाउलमध्ये सोलला जातो.

बाउलचा वेग सावकाश कमी होत गेला तर नॉब वाढवण्याआधी लीफ स्प्रिंग बघा. पानाला तडा गेला की ट्यूनिंग बिघडतं. कॉइलच्या फटीत सांडलेला स्क्रूही सापडतो कधी कधी!

आणि जमिनीवर पडलेला स्क्रू बाउलमध्ये परत टाकायचा नाही. स्टेशनशेजारी लाल डबा ठेवा. शेजारच्या स्टेशनचा एम४ × १० त्या वाटेनेच आत येतो.

---

इनकमिंग_क्यूसी

स्क्रूच्या ऑर्डरवर काय लिहिलं आहे तेही बघा. नुसतं साइज, ग्रेड, प्लेटिंग लिहिलं तर हातांनी लावायच्या दर्जाचा माल येतो. हाताने लावणारा माणूस बिनआट्याचा स्क्रू बघून फेकून देतो, मशीन तो आत घालते. ऑर्डरमध्ये '१०० टक्के कॅमेरा सॉर्टिंग, परका स्क्रू, बिनआट्याचा, खाच नसलेला किंवा प्लेटिंगने खाच भरलेला चालणार नाही' असं स्पष्ट टाका. सॉर्टिंग कशा-कशाचं केलं ते विचारा. बाजूने बघणारा कॅमेरा खाचेची खोली बघत नाही, त्याला वरून वेगळा कॅमेरा किंवा पिन गेज लागतो. सॉर्टिंगनंतर बंद पिशवीत पॅकिंग, आणि एका पिशवीत एकच लॉट.

स्क्रूचं टोकही तपासा. आटा टोकापर्यंत कापलेला असेल तर तो छिद्राच्या तोंडाशी अडकतो. चॅम्फर असलेलं टोक किमान हवं, आटे नसलेलं निमुळतं पायलट टोक मिळालं तर उत्तमच. हाउसिंगच्या छिद्रालाही ९० अंशांचं काउंटरसिंक, तोंडाशी ४.३ ते ४.५ मिमी.

---

चाकण_लाईन२

तीन शिफ्टची नोंद झाली. एकूण ६६ थांबे.

डोकं वर : २९. सगळे छिद्र ३ आणि ६ मध्ये!
सुरुवातीलाच टॉर्क : २१. आठही छिद्रांत पसरलेले.
स्क्रू आला नाही : ११.
बिट फिरली : ५.

मार्किंग ब्लूचे ठिपके एका दिशेला लांबट, ०.६ मिमीपर्यंत. जबडे बदलायला टाकले. दाब ४० न्यूटन केला आणि उलटी फेरी घातली, त्याचा निकाल दोन दिवसांत सांगतो. ३ आणि ६ चं कोडं सुटत नाही. गॅन्ट्रीचे पॉइंट पुन्हा शिकवले, फरक नाही. ड्रॉइंगवर या दोन छिद्रांची ड्रिल खोली १२ आहे, बाकीच्यांची १५.

---

टॅपिंगवाला

उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. मशीनिंग करणाऱ्याला विचारा, टॅप कोणता वापरतो : स्पायरल पॉइंट की स्पायरल फ्लूट?

स्पायरल पॉइंट, ज्याला गन टॅप म्हणतात, तो कीस (कापलेला धातूचा चुरा) पुढे ढकलतो. आरपार छिद्राला झकास. ब्लाइंड छिद्रात तो सगळा कीस तळाशी दाबून बसवतो. शिवाय त्याच्या तोंडाचा उतार साडेतीन ते साडेपाच आट्यांचा असतो, म्हणजे एम४ ला २.५ ते ३.८ मिमी. १२ खोलीच्या छिद्रात टॅप ११.७ पर्यंत नेला तरी पूर्ण आटा मिळतो ७.९ ते ९.२. तुमच्या स्क्रूला ९ हवा. म्हणजे शिल्लक जवळजवळ काहीच नाही, आणि त्यात तळाशी कीस. वॉशिंगमध्ये कीस निघाला तर स्क्रू बसतो, नाही निघाला तर तळाला टेकतो, टॉर्क येतो, दिवा हिरवा. १५ खोलीच्या छिद्रांत हा कीस जागेत मावून जातो, म्हणून ती कधी तक्रार करत नाहीत.

ब्लाइंडला स्पायरल फ्लूट टॅप घ्यायचा, फॉर्म सी, त्याचा उतार दोन-तीन आट्यांचा. कीस वर येतो. किंवा फॉर्म टॅप, जो कापत नाही, दाबून आटा करतो, कीसच नाही. एडीसी १२ मध्ये चालतो, पण ड्रिल बदलावं लागेल : कापणाऱ्या टॅपला ३.३, फॉर्म टॅपला ३.७. जुन्या ३.३ मध्ये फॉर्म टॅप घातला तर टॅप तुटेल.

तपासायला छिद्र ३ मध्ये एम४ चं गो गेज (आटा तपासायचा मापक) घाला आणि फेऱ्या मोजा. ९ मिमी अधिक दोन पिच मोकळीक, म्हणजे १०.४ मिमी, साधारण १५ फेऱ्या मोकळेपणाने जायला हव्यात. आणि ज्या पार्टमध्ये डोकं वर होतं तो स्क्रू काढून छिद्र उलटं करून पांढऱ्या कागदावर ठोका. काय पडतं ते बघा. तेल-पाणी पडलं तर तेही पाप. ब्लाइंड छिद्रात द्रव अडकला की स्क्रू पिस्टनसारखा त्यावर दाबतो आणि पातळ बॉसला तडा जाऊ शकतो. वॉशिंगनंतर छिद्रं खाली तोंड करून हवेने फुंकायची.

---

चाकण_लाईन२

कागदावर कीस पडला. गो गेज छिद्र ३ मध्ये १२ फेऱ्यांवर अडतं. सप्लायरने मध्यंतरी आरपार छिद्रांचा टॅपच सगळीकडे वापरायला घेतला होता. स्पायरल फ्लूटचा माल यायला १० दिवस लागतील.

तोवर एम४ × १० लावता येईल का? आणि स्टेशनला 'डोकं वर' कळावं म्हणून अँगलची खिडकी किती ठेवू? २०० अंश पुरेल?

---

टॉर्क_अँगल

एम४ × १० : आत ७ मिमी, म्हणजे व्यासाच्या पावणेदोन पट. ॲल्युमिनियमला हा आकडा सहसा चालतो, पण ठरवणार डिझाइन. लेखी मंजुरीशिवाय नको. फीडरला अडचण नाही, १३.१ भागिले ८ म्हणजे १.६४. प्रोग्राम मात्र बदलावा लागेल : आता १० फेऱ्यांतच डोकं टेकणार, तेव्हा ८०० आरपीएम ९ फेऱ्यांपर्यंतच. हे विसरलात तर स्क्रू पूर्ण वेगाने आदळून टॉर्क ओलांडेल.

अँगल : ०.३ मिमी वर राहिलेलं डोकं म्हणजे ०.३ भागिले ०.७ गुणिले ३६०, फक्त १५४ अंश. उलटी फेरी न घालता सुरुवातीपासून मोजलं तर स्क्रूचा आटा छिद्राचा आटा कधी पकडेल यातच ३६० अंशांपर्यंत फरक पडतो. मग १५४ अंश त्या गोंधळात दिसणारच नाहीत, खिडकी कितीही छान ठेवा. उलट्या फेरीत 'टक्' झाल्यावर मोजणी शून्य केली तर हा फरक बराच आटतो. चांगल्या ५० पार्टांचे ४०० स्क्रू लावून पसारा बघा आणि खिडकी छिद्रवार ठेवा, सगळ्यांना एक नको. पसारा १०० अंशांच्या पुढे असेल तर अँगलवर विसंबू नका, डेप्थ सेन्सर लावा.

डेप्थ मोजायची ती कव्हरच्या पृष्ठभागापासून, म्हणजे नोजपीस (स्पिंडलखालचं तोंड) कव्हरवर टेकून. फिक्श्चरपासून मोजली तर कास्टिंगच्या उंचीतला फरक त्यात मिसळतो. बिटच्या टोकावरून मोजणार असाल तर खाचेची खोली लॉटप्रमाणे काही दशांश मिमी बदलते, तेव्हा नवीन लॉट सुरू करताना १० स्क्रू मोजून शून्य तपासा.

गॅस्केट आहे म्हणून एक : आठही स्क्रू आधी १.० न्यूटन मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने, मग दुसऱ्या फेरीत २.०. एकदम २.० ला लावलात तर पहिला स्क्रू शेवटचा लागेपर्यंत सैल पडतो. तुमच्या टाक्टमध्ये पूर्ण दुसरी फेरी बसणार नाही. मग निदान पहिले दोन स्क्रू शेवटी पुन्हा २.० पर्यंत तपासा. त्या वेळी ५ अंशांच्या आत टॉर्क आला तर ठीक, ३० अंश फिरला तर गॅस्केट बसत होतं. या दोन स्क्रूंसाठी 'आधीच घट्ट' हा इशारा वेगळा हाताळा, नाहीतर तो डबल हिट (आधीच लागलेल्या स्क्रूवर पुन्हा स्पिंडल) म्हणून नाकारला जाईल.

---

चाकण_लाईन२

नवे जबडे, ४० न्यूटन आणि उलटी फेरी, यानंतर सुरुवातीलाच टॉर्क चढण्याचे थांबे तीन शिफ्टमध्ये २१ वरून ३. बाउलला सेन्सर लावला, 'स्क्रू आला नाही' ११ वरून ४. डोकं वर अजून आहेच, टॅप येईपर्यंत राहणार. डेप्थ सेन्सर मागवला.

रिवर्कबद्दल एक विचारायचं राहिलं. डोकं वर राहिलेला स्क्रू काढून त्याच छिद्रात नवा लावतात सध्या.

---

टॅपिंगवाला

नवा लावण्याआधी छिद्र फुंका आणि गो गेज घाला. गेज अडलं तर पार्ट बाजूला. काढलेला स्क्रू पुन्हा वापरायचा नाही, त्याच्या आट्यात ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं आणि घर्षण बदलल्यामुळे त्याच टॉर्कला क्लॅम्प (आवळून धरणारा जोर) कमी मिळतो. एका छिद्रात दोनपेक्षा जास्त स्क्रू गेले की तो पार्ट बाद.

---

इनकमिंग_क्यूसी

डेप्थ सेन्सर आला की शिफ्टच्या सुरुवातीला चालवायला चार खोटे पार्ट बनवून ठेवा : एक छिद्र मुद्दाम उथळ टॅप केलेला, एक आटे नसलेला, एक आटे गेलेला, आणि एकात डोक्याखाली ०.५ मिमीची शिम (पातळ पत्री). चारही नाकारले गेले तरच लाईन सुरू. लाल रंगवा आणि सिरीयल नंबर टाका, नाहीतर एखादा डिस्पॅचला जाईल.